फलाटावरची मुलगी

आई इंग्रजी बोलायला शिकली ती एका सिनेमावरून. तशी ती पुण्याची, बी.ए. झालेली, वाचायला इंग्रजी तिला उत्तम यायचं. पण बोलायची वेळ आली की तिच्या कपाळावर घाम जमायचा. आखातात, अबू धाबीकडच्या रुवैसला येईपर्यंत तिला त्याची गरजही पडली नव्हती. बाबांना तिथल्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही तिघं समुद्र आणि वाळू यांच्या मधल्या त्या वसाहतीत जाऊन पडलो. घरं बैठी, भिंती वाळूच्याच रंगाच्या, मागं खारट वास, पुढं दूरवर रिफायनरीची ती कधी न विझणारी ज्योत. घरात एसीची घरघर इतकी अखंड असायची की तो बंद पडला की बहिरं झाल्यासारखं वाटायचं. बाबा पहाटे बसनं जात, मी शाळेत, आणि आई दुपारी अडीचपर्यंत एकटी. शुक्रवारी लेबर कॅम्पमधले रत्नागिरीकडचे दोनचार फिटर जेवायला येत, त्यांच्याशी आई मनसोक्त मराठी बोलून घेई. बाकी सहा दिवस तिच्याशी बोलायला होता फक्त टीव्ही.

अबू धाबीच्या इंग्रजी चॅनेलवर गुरुवारी दुपारी जुने अमेरिकन सिनेमे लागत. त्यातला एक आईनं व्हीसीआरवर उतरवून घेतला, तोही सुरुवातीची पाच मिनिटं निघून गेल्यावर, त्यामुळं त्याचं नाव आमच्या टेपवर नव्हतंच. पुढं ते कळलं, पण आमच्या घरात आईनं ठेवलेलंच नाव चाललं: ‘फलाटावरची मुलगी’. काळापांढरा सिनेमा, खाली अरबी अक्षरं पळतायत. अमेरिकेतलं एक आडगाव, तिथला स्टेशनमास्तर, त्याची कंटाळलेली बायको आणि सात वर्षांची मुलगी. एका सकाळी बायको बॅग भरते, गाडीत बसते आणि निघून जाते. मुलगी गाडीबरोबर फलाटभर धावते, रडते, पडते, उठून परत धावते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे बाप आणि मुलगी यांनी एकमेकांना सांभाळून घेणं. मुलगी धावायला लागणार तेवढ्यात त्या दिवशी अजानची वेळ झाली होती. सिनेमा थांबून पडद्यावर मशिदीचं चित्र आलं होतं, अजान पूर्ण झाल्यावर मुलगी धावली होती. टेपवर तेही सगळं उतरलं होतं. आई ते पुढं ढकलत नसे. अजान संपेपर्यंत हातातली भाजी तशीच धरून बसे, आणि मग मुलगी धावली की दर वेळी रडे.

मी शाळेतून यायची तेव्हा कणकेचा हात तसाच ठेवून आई टीव्हीसमोर उभी असे आणि पात्रांच्या मागोमाग वाक्यं म्हणत असे. त्या सिनेमातली इंग्रजी ती बिनदिक्कत बाहेर वापरू लागली. को-ऑपमधल्या फिलिपिनो मुलीनं सुटे पैसे दिले की आई मान तुकवून म्हणायची, “मच ऑब्लाइज्ड, आय अॅम शुअर.” ती मुलगी गोंधळून हसायची. मी लाजेनं पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहायची. बाबा म्हणत, “नलू, तू चाळीस वर्षांपूर्वीची मडम झालीयस.” आईला त्याचं काही वाटत नसे. “मडम तर मडम. बोलते तर आहे,” ती म्हणायची.

मी नववीत असताना आमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरात एक अमेरिकन जोडपं आलं. नवरा डेव्ह, रिफायनरीच्या विस्ताराच्या कामावर आलेला उंच, अबोल इंजिनिअर. बायको कॅरल, पन्नाशीच्या आतबाहेर, केस कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला. मूलबाळ नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बायकांच्या कॉफीला आई तिला भेटली आणि घरी आली ती चप्पल न काढताच आत. “मेधा, ती तीच आहे.”

“कोण?”

“फलाटावरची मुलगी. शपथ. उत्तर द्यायच्या आधी अंगठा वरच्या ओठाला लावते, तस्साच. आणि डावी भुवई बघ.”

बाबा पोट धरून हसले. जगात एवढी माणसं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमातली पोर आपल्या गल्लीत राहायला येणार! मीही हसले. आई मात्र हसली नाही. तिनं तो सिनेमा तीसेक वेळा तरी पाहिला होता. त्या मुलीचा चेहरा तिला माझ्या चेहऱ्याइतका पाठ होता. तिनं कॅरलला चहाला बोलावलं. थालीपिठं लावली, वर लोण्याचा गोळा, नारळाच्या वड्या केल्या, माझ्याकडून टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ घालून घेतला. कॅरलनं थालीपीठ हातानं तोडून खाल्लं, दुसरं मागून घेतलं. सगळं छान चाललं होतं. आणि मग आई उठली, व्हीसीआरपाशी गेली आणि तिनं टेप लावली. तिला वाटलं होतं, केवढी मोठी भेट देतोय आपण.

पडद्यावर स्टेशन दिसलं. कॅरलनं हातातला कप बशीत ठेवला. ती उभी राहिली, “आय अॅम सॉरी,” म्हणाली, आणि दार उघडून भर उन्हात चालायला लागली. डोक्यावर टोपी नाही, पर्स आमच्या खुर्चीवरच. आई दारात उभी, हातात रिमोट. “काय केलं मी?” ती मला विचारत होती. “मेधा, काय केलं गं मी?”

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅरल स्वतःच आली. पर्स न्यायला आले म्हणाली, पण बसली. मी शाळेतून नुकतीच आले होते आणि आईनं मला शेजारी बसवून घेतलं, एखादा शब्द अडला तर सांगायला. कॅरल इंग्रजीतच बोलली असणार. पण मला ते आता सगळं मराठीतच आठवतं, आईच्या आवाजातच जवळजवळ.

शूटिंग एका खऱ्या स्टेशनवर होतं. बाकी सगळे प्रसंग तिनं छान केले होते, पण फलाटावर तिला रडू येईना. दोन दिवस गेले. ग्लिसरीन घातलं तर ती हसायची. दिग्दर्शकाला सेटवर सगळे कर्नल म्हणत. मोठा माणूस, त्याच्यासमोर कोणी बसत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिच्या आईला बाजूला नेलं. थोड्या वेळानं आई आली ती स्वतःचा कोट घालून, हातात त्यांची खरी बॅग. तिनं मुलीची पापी घेतली आणि ती त्या गाडीत जाऊन बसली. कर्नल गुडघ्यावर बसला आणि मुलीला म्हणाला, तुझ्या आईनं कागदावर सही केलीय, आता तू आमची. ती चाललीय. गाडी हलली. आई खिडकीतून बघत होती, हात हलवत नव्हती. मुलगी धावली.

“मी पडले ते खरं पडले,” कॅरल म्हणाली आणि तिनं गुडघ्यावरचं कापड बाजूला करून एक पांढरा वण दाखवला. “गाडी अर्ध्या मैलावर जाऊन थांबली. आई रुळांच्या कडेनं चालत परत आली. हातात पेपरमिंटची पुडी होती. सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. एक कॅमेरामन सोडून. तो पाठ करून उभा होता. त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यानं कॅमेरा थांबवला नाही, शेवटपर्यंत फिरवला. पुढं कितीतरी वर्षं तो मला नाताळचं कार्ड पाठवायचा. एका कार्डावर लिहिलं होतं, मी थांबवायला हवा होता.”

आईनं विचारलं, “अँड युवर मदर?”

कॅरलनं अंगठा ओठाला लावला. “ती मरताना मी शेजारी होते. ती म्हणाली, माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. आणि नलिनी, मी इकडंतिकडं बघितलं. कॅमेरा कुठं आहे ते बघितलं.”

आईनं तिचा हात धरला. इंग्रजी एक शब्द सुचला नसावा, कारण ती मराठीतच म्हणाली, “असू दे, असू दे.” कॅरल गेल्यावर आईनं टेप बाहेर काढली आणि कपाटात सगळ्यात वर, चादरींच्या मागं टाकली. तो सिनेमा तिनं परत कधी पाहिला नाही. “इतके दिवस मला वाटायचं, काय सुंदर काम केलंय पोरीनं,” ती रात्री वाढताना बाबांना म्हणाली. “काम नव्हतंच हो ते.”

त्यानंतरचं दीड वर्ष त्या दोघींचं होतं. आई तिला कॅरलबाई म्हणायची. कॅरल ते नावच समजून बसली होती, फोनवर स्वतःच “धिस इज कॅरलबाई,” म्हणायची. दोघी संध्याकाळी समुद्रावर चालायला जात. कॅरल पोळ्या लाटायला शिकली, त्या कधीच गोल झाल्या नाहीत. आईची इंग्रजी मात्र सुधारली. ते जुनं, मान तुकवणारं बोलणं हळूहळू गेलं. आता मला वाटतं, ते राहायला हवं होतं. मच ऑब्लाइज्ड म्हणणारी माझी आई को-ऑपमध्ये किती उंच दिसायची, हे मला तेव्हा दिसलं नाही.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर आईला काखेत गाठ लागली. तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नाही. अबू धाबीच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईला जा म्हणून सांगितलं, आणि जानेवारीत आई ठाण्याला मावशीकडे गेली. ऑपरेशन झालं, पुढची ट्रीटमेंट सुरू झाली. ती निघाली त्या दिवशी विमानतळावर तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली, फार घट्ट, आणि म्हणाली, “गणिताला रोज एक तास. इन्शाल्ला एप्रिलमध्ये मी परत.” इन्शाल्ला हा शब्द तिनं तिथं गेल्यावर उचललेला, आणि तो म्हणताना तिला नेहमी थोडं हसू येई.

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. आमचं केंद्र अबू धाबीला, म्हणजे वाळवंटातून अडीच तासांचा रस्ता. पहिल्या दोन पेपरांना बाबांनी नेऊन आणलं. मग मावशीचा फोन आला आणि बाबा त्याच दिवशी निघाले. “इन्फेक्शन आहे, दोन दिवसांत उतरेल,” मला म्हणाले. मी कॅरलकडे राहायला गेले. पुढच्या पेपरांना तिनं नेलं. पहाटे उठून ती मला ऑम्लेट करून द्यायची, थर्मासमध्ये चहा भरायची, आणि मी मागच्या सीटवर पाय वर घेऊन पाठांतर करायची. बाबा रोज दुपारी फोन करत. पहिल्या दिवशी आई स्वतः बोलली, आवाज बारीक, पण तिनं विचारलं, “विज्ञानात आकृत्या काढल्यास ना पेन्सिलनं?” त्यानंतर दर वेळी आई झोपलेली असायची.

गणित हा शेवटचा पेपर होता. आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. कॅरलनं घेतला. ती बराच वेळ नुसतं ऐकत होती, मग तिनं मला बोलावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. बाबा म्हणाले, “आई झोपलीय गं. तू उद्या शांतपणे लिही.” मी त्यांना हिंदीच्या पेपराचं सगळं सांगितलं, निबंध कुठला घेतला ते, किती पुरवण्या लावल्या ते. आईला सांगा, असंही मी म्हटलं. बाबा “हो, हो,” करत होते. मी हसून फोन ठेवला. ते हसणं मला आजही कानात नको वाटतं.

सकाळी नेहमीसारखं ऑम्लेट होतं, पण कॅरलनं स्वतः काही खाल्लं नाही. उजाडत होतं. रस्त्यावर ट्रकची रांग, दोन्ही बाजूंना वाळू. ती रेडिओ लावायची, त्या दिवशी लावला नाही. तासाभरानं एका पेट्रोल पंपावर तिनं गाडी वळवली. मला वाटलं पेट्रोल घ्यायचंय. पण ती पंपाच्या मागं, जिथं पाकिस्तानी ड्रायव्हर चहा पीत बसतात, तिथं भिंतीच्या सावलीत जाऊन थांबली, आणि मागं येऊन माझ्या शेजारी बसली.

“मेधा, पुस्तक ठेव.”

मी ठेवलं.

“तुझी आई काल सकाळी गेली.”

मला ‘गेली’ म्हणजे कुठं, हेच आधी कळलं नाही. मी म्हटलं, “पण बाबा म्हणाले झोपलीय.”

“तुझ्या वडिलांनी मला सांगू नको म्हणून सांगितलंय. पेपर होईपर्यंत. मी हो म्हणाले होते. काल दुपारपासून गप्प राहायचा प्रयत्न करतेय.” तिचा आवाज फुटला. “पण उद्या तुला कळेल, आणि तुला आठवेल की आज सकाळी मी तुझ्यासाठी ऑम्लेट करत होते तेव्हा मला माहीत होतं. मग तू आयुष्यभर कुणाच्याही हातचं ऑम्लेट खाताना त्याच्या तोंडाकडं बघशील. मला नाही जमत गं. मला कॅमेरा फिरवत राहायचं नाही.”

मी रडले नाही. पंपावर फोनची पेटी होती. मी म्हटलं, मला बाबांशी बोलायचंय. कॅरलनं खिशातून फोनकार्ड काढून दिलं. मावशीच्या घरी फोन लागला, बाबांनीच उचलला. मी म्हटलं, “बाबा, मी येतेय. आईला ठेवा. मी आज संध्याकाळपर्यंत पोचते.”

 पलीकडं मागं कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, “काल संध्याकाळीच झालं सगळं, बेटा. खलास. आता काही नाही. तू पेपर लिही.”  मग ते ओरडले, “त्या बाईला दे फोन! एक दिवस! एकच पेपर होता, एवढं थांबता आलं नाही तिला?”

मी फोन दिला नाही. तसाच लोंबकळत सोडला आणि बाहेर आले. तिथं मला रडू आलं. वाळूत बसले. एक पठाण ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला, कॅरलला हिंदीत काहीतरी विचारू लागला, तिला हिंदी येत नव्हतं, ती नुसती म्हणत राहिली, “हर मदर, हर मदर.” त्यानं ग्लास माझ्याजवळ वाळूत ठेवला आणि तो दूर जाऊन पाठ करून उभा राहिला. पेपरची वेळ तिथंच होऊन गेली. कॅरलनं एकदाच विचारलं, “जायचंय का?” मी नाही म्हणून मान हलवली. दुपारपर्यंत आम्ही त्या भिंतीला टेकून बसलो होतो. सावली सरकली तसं ती मला धरून सरकवत राहिली. ती मला गप्प हो म्हणाली नाही, आणि तिनं माझ्या अंगावरचा हात एकदाही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि डेव्हनं मला मुंबईच्या विमानात बसवलं. ठाण्याला मावशीच्या बाहेरच्या खोलीत आईचा फोटो, समोर समई. बाबांची दाढी वाढली होती. मी त्यांना मिठी मारायला गेले, तर ते म्हणाले, “तुझ्या आईची शेवटची इच्छा एवढीच होती, की मेधानं पेपर द्यावेत, तिला मध्ये उठवू नका. ती इच्छा त्या बाईनं मोडली आणि तूही मोडलीस.” मी तिथंच थांबले. मिठी राहिली ती राहिलीच.

गणित मी जुलैत पुरवणी परीक्षेला दिलं. फार चांगले मार्क पडले. बाबांनी रुवैसला परत गेल्यावर कॅरलकडं जायची मनाई केली होती, आणि खरं सांगायचं तर मनाईची गरज नव्हती. माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: आईला मला बघायचं नव्हतं. मरताना तिला माझी नाही, माझ्या पेपराची काळजी होती. आणि कॅरलनं जर एक दिवस तोंड मिटलं असतं, तर निदान मी आईची ती इच्छा तरी पुरी केली असती. पंधराव्या वर्षी माणूस असाच हिशोब मांडतो. उन्हाळ्याच्या शेवटी डेव्हचं काम संपलं. जायच्या आदल्या दिवशी कॅरल आमच्या दारात आली, बेल वाजवली, मी आत होते, बाबा कामावर. मी दार उघडलं नाही. एसीची घरघर ऐकत पॅसेजमध्ये उभी राहिले. तिनं तीनदा वाजवली. नंतर दोन वर्षं तिची पत्रं आली, लांबलचक, तिरक्या अक्षरातली. मी ती वाचली, उत्तर दिलं नाही.

पुढचं थोडक्यात लिहिते. मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, नोकरीला परत आखातात, दुबईला आले, करामा भागात वन-बेडरूम फ्लॅट घेतला. बाबा रिटायर होऊन पुण्याला स्थायिक झाले होते, हिवाळ्यात महिनाभर माझ्याकडे येत. आमचं बरं चाललं होतं. ते सकाळी खुबूसच्या अरबी रोट्या आणि दही आणत, मी ऑफिसातून येईपर्यंत आमटी करून ठेवत. आईबद्दल आम्ही बोलत नसू. तिच्या पद्धतीच्या आमटीबद्दल बोलत असू.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाली होती. मी बाबांना सहज सांगत होते, की ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील केरळात वारले आणि घरच्यांनी तिला फोनवर फक्त सीरियस आहेत एवढंच सांगितलं. “तिला विमानतळावर कळलं. कसं करतात हो माणसं असं?” म्हणून मी ताटं उचलायला लागले. बाबांनी हात धुतले नव्हते, खरकटा हात तसाच ताटावर धरून बसले होते.

“मेधा, बस जरा.”

मी बसले.

“तुझ्या आईची तशी इच्छा नव्हती.”

“कशी?”

“तुला कळवू नका अशी.” ते ताटाकडं बघत बोलत होते. “ते मीच म्हटलं. तू आलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत असं काही होतं, की माझ्या तोंडून ते निघून गेलं. मग परत घेता येईना.”

मला आजही तो फॅनचा आवाज आठवतो. मी विचारलं, “मग तिची काय इच्छा होती?”

“ती म्हणत होती, मेधाला बोलाव. पेपर पुढच्या वर्षी देईल. मी म्हटलं, अगं चारच दिवस राहिलेत, बरी होशील तू. मला खरंच वाटत होतं बरी होईल. डॉक्टर म्हणत होते कठीण आहे, पण मला... तुला बोलावलं असतं म्हणजे मी मान्य केलं असतं, की ही चाललीय.” त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. “शेवटचे दोन दिवस ती बोलत नव्हती. दाराकडं बघायची. नर्स आली तरी बघायची, मावशी आली तरी बघायची. मग मान वळवायची.”

मी ताटं घेऊन आत गेले. नळ सोडला आणि सोडूनच ठेवला. दहा वर्षं मी एका आईवर रागावले होते, ती कधी अस्तित्वातच नव्हती. जी होती ती दाराकडं बघत होती, आणि मी त्या वेळी अबू धाबीत हिंदीचा निबंध लिहून पुरवण्या मोजत होते. बाहेर बाबा रडत होते. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मी बाहेर गेले नाही. सगळी भांडी घासली, घासलेली परत घासली.

त्याच आठवड्यात मी कॅरलला पत्र लिहिलं, चार पानं, तिच्या शेवटच्या पत्रावरच्या पत्त्यावर. त्यात सगळं लिहिलं: दार न उघडल्याचं, पंपाच्या भिंतीचं, बाबा जे बोलले त्याचं. महिन्याभरानं ते परत आलं. या पत्त्यावर असं कुणी राहत नाही, असा शिक्का होता. मी इंटरनेटवर बरंच शोधलं. त्या सिनेमातल्या सगळ्यांची माहिती मिळाली, कर्नलची तर पानंच्या पानं. त्याच्या थोर कामात त्या फलाटावरच्या प्रसंगाचा खास उल्लेख होता. तिच्याबद्दल एकच ओळ होती, की तिनं त्यानंतर काम केलं नाही.

बाबा त्या वर्षी ठरल्यापेक्षा आधी परत गेले. मीच सोडायला गेले. टर्मिनलच्या दाराशी गर्दी होती, मुलं ट्रॉल्यांवर बसली होती, कुणीतरी कुणालातरी ‘यल्ला, यल्ला’ करत ढकलत होतं. बाबांनी पासपोर्ट तीनदा तपासला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मेधा, तू मला माफ केलंस ना?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. स्वेटर उलटा घातला होता, शिवण बाहेर आली होती. आईच्या पाठीमागं त्या माणसानं दहा वर्षं एकट्यानं ते खोटं घेऊन काढली होती. आणि माझ्या आत त्या क्षणी माफी नावाचं काहीच नव्हतं, तिथं एक बाई दाराकडं बघत पडली होती.

“हो बाबा,” मी म्हटलं. “केव्हाच.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा असा सैल झाला, जसा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. ट्रॉली ढकलत ते आत गेले, काचेपलीकडून एकदा वळून हात हलवला, हसले. मीही हसले आणि ते दिसेनासे होईपर्यंत हसू तसंच धरून ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात ते झोपेत गेले. मावशी म्हणाली, शेवटचे काही महिने फार शांत होते.